थारची पत्रिका

माणसाला उद्याचे कोडे पडले नसते, तर ज्योतिष्यांचे आणि चहाच्या टपऱ्यांचे, दोघांचेही दुकान चालले नसते. आमच्या नाशिककडे पहिल्या वर्गाला तोटा नाही. त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर पत्रिका पाहणारे पुष्कळ भेटतात. परंतु त्याच वाटेवर सातपूर लागते, आणि तेथे भविष्य सांगणाऱ्यांची दुसरीच एक जात नांदते. ही मंडळी मुलामुलींच्या पत्रिका पाहत नाहीत, गाड्यांच्या पाहतात. पुढल्या साली थार कशी निघणार, तिला कोणता अवयव नव्याने फुटणार, कोणता गळणार, हे ती छातीठोकपणे सांगतात. दक्षिणा म्हणून एक कटिंग पुरतो.

बाहेरच्या माणसाला याचे हसू येईल. एखादी गाडी पुढे कशी निघेल याची चिंता, ती घेण्याची ऐपत नसलेल्यांनी कशाला करावी? पण येवल्यात पैठणीच्या पदरावर बोलणारा प्रत्येक जण काही पैठणी विकत घेत नसतो. ज्या गावात जी वस्तू घडते, त्या गावाच्या जिभेवर ती खेळतेच. थार आमच्या सातपूरच्या कारखान्यात तयार होते. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, पुढे येथल्या शेतांवर शेड उभ्या राहिल्या, मोठ्या कारखान्यांच्या अंगणात शेकडो लहान कारखाने वाढले. मी स्वतः त्यांपैकी लहानातल्या लहान शेडमध्ये चाळीस वर्षे लेथवर उभा होतो. थार घेण्याचा योग माझ्या पत्रिकेत नाही. पण तिचे भविष्य सांगण्याचा अधिकार मला आहे, अशी माझी नम्र समजूत आहे.

शिवाय आमच्याकडे पुरावेही असतात. अधूनमधून त्र्यंबक रस्त्याला काळ्या-पांढऱ्या वेलबुट्टीच्या वेष्टनात नखशिखान्त गुंडाळलेली एखादी गाडी दिसते. चाचणीसाठी बाहेर काढलेली ही गाडी म्हणजे अंतरपाटाआडची नवरी. तिचा चेहरा दिसू नये म्हणून एवढा खटाटोप. आणि म्हणूनच सगळ्यांचे डोळे तिच्याकडे! सिग्नलला ती दहा क्षण थांबली की टपरीवरचा रंगकाम करणारा तिच्या कडांचा अंदाज घेतो, वेल्डर दाराचे बिजागर पाहतो, आणि कोठल्याशा कँटीनमध्ये पोळ्या लाटणाऱ्या मावशी, "मागच्या दाराची मूठ बदललेली दिसते," असे सर्वांच्या आधी सांगून मोकळ्या होतात. मुहूर्ताची चौकशी करावी लागत नाही. या घराण्याला पंधरा ऑगस्टचा मुहूर्त लाभतो. २०२० साली नवी थार लोकांना दिसली ती त्याच दिवशी, २०२३ साली विजेच्या थारचा नमुना दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला मांडला तोही त्याच दिवशी, आणि २०२४ साली पाच दारांची थार रॉक्स आली तीही त्याच सुमारास. त्यामुळे आषाढ लागला की आमच्या टपरीवरच्या भविष्यकथनाला भर येतो.

पत्रिका मांडायची, तर आधी कुळगोत्र सांगितले पाहिजे. थारचे गोत्र जीप. मूळ घराणे अमेरिकेतले आणि पेशा शिपाईगिरीचा. १९४० साली अमेरिकन सैन्याला चारही चाकांनी ओढणारी एक हलकी गाडी हवी झाली, आणि १९४१ पासून विलिज व फोर्ड यांच्या कारखान्यांतून ती लाखांनी बाहेर पडली. लढाई संपली आणि हा शिपाई मुलकी चाकरीत शिरला. इकडे १९४५ साली महिंद्रा बंधूंनी गुलाम महंमद यांच्याबरोबर पोलादाच्या व्यापारासाठी 'महिंद्रा अँड महंमद' ही पेढी काढली होती. फाळणी झाली. गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही झाले. आणि इकडे १९४८ साली पेढीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. त्याच काळात मुंबईत विलिज जीप जोडण्याचे काम सुरू झाले. म्हणजे या घराण्याचा भारतातला जन्म आणि स्वतंत्र भारताचा जन्म जवळजवळ एकाच नक्षत्रावरचा.

पुढची हकिगत माझ्या पिढीने डोळ्यांनी पाहिली आहे. जीप म्हणजे मामलेदार, जीप म्हणजे फॉरेस्ट, जीप म्हणजे निवडणूक. गावात धुरळा उठला की पोरे ओरडत सुटायची. नंतर तीच जीप काळी-पिवळी होऊन त्र्यंबक, हरसूल, पेठ या वाटांवर माणसे वाहू लागली. आत किती, टपावर किती आणि मागे लोंबकळत किती, याचा हिशेब फक्त क्लीनरला ठाऊक. तिच्यातून उतरल्यावर आपली हाडे आपलीच आहेत ना, हे मोजून पाहावे लागे. तरीही दुसऱ्या दिवशी आपण तिचीच वाट पाहत असू, कारण जेथे एसटीचा रस्ता संपे तेथे तिचा सुरू होई.

२०१० साली या घराण्यात थार जन्मली. नाव राजस्थानच्या वाळवंटाचे, चेहरा आजोबांचा. मागल्या बाजूला समोरासमोरचे बाक, वर ताडपत्री. २०१५ साली तिच्यात सुधारणा झाल्या, त्यांत मागची दोन्ही चाके एका जोराने फिरवणारे कुलूपही आले. एक चाक चिखलात नुसतेच गरगरत असेल, तर दुसऱ्या चाकाचा जोर वाया जाऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. २०२० साली तर तिने कातच टाकली. मागची आसने पुढे तोंड करून बसली, टणक छप्पर आले, आपोआप बदलणारे गिअर आले, पेट्रोलचे इंजिन आले; आणि ग्लोबल एनकॅपच्या टक्कर-परीक्षेत तिला पाचांपैकी चार तारे मिळाले. २०२४ साली पाच दारांची रॉक्स आली. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर २४५० मिलिमीटरचे २८५० झाले. हातभरही नाही, अवघे चारशे मिलिमीटर. पण त्या तेवढ्या जागेत अख्खे कुटुंब मावले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी नोंदणी उघडली, तेव्हा पहिल्या तासातच १,७६,२१८ नोंदण्या झाल्या. एवढी गर्दी आम्ही सिंहस्थातच पाहिलेली.

ही सारी वंशावळ पाहून माझा एक सिद्धान्त झाला आहे. थारमध्ये जे जे बदल झाले, ते सगळे तिला रानातून घराकडे आणणारे आहेत. तरुणपणी गडकोट पालथे घालणारा एखादा उनाड जावई लग्नानंतर हळूहळू भाजीची पिशवी उचलू लागतो, तसेच हे आहे. त्याच्या अंगातली रग जात नाही. पण आता तो येताना कोथिंबीर आणतो. आणि हे स्थित्यंतर घडवते कोण? तर तक्रार! कारखान्यातले इंजिनिअर नवे सुचवतात हे खरे. पण त्यांच्या कानाशी गुणगुणते ती घरातली तक्रार.

याचा दाखला आमच्या घरीच आहे. २०२० ची थार आमच्या कॉलनीत पहिल्यांदा आली, तेव्हा सगळ्या आळीने तिची वाखाणणी केली. हिने मात्र पदर खोचून तिच्याकडे वर पाहिले आणि म्हटले, "सगळे छान आहे हो, पण गुडघे दुखणाऱ्या बाईने हिच्यात चढायचे कसे? धरायला काही नको का?" तिची दुसरी हरकत खिडक्यांच्या बटणांवर होती. ती दोन आसनांच्या मध्ये होती. "खिडकी दाराला आणि बटण भलतीकडे! माझ्या स्वयंपाकघरात असे केले असते तर तुम्ही बोलला असता." २०२५ च्या ऑक्टोबरात तीन दारांच्या थारमध्ये नवे बदल झाले. खिडक्यांची बटणे दारावर आली, चढताना धरायला पुढच्या खांबांना मुठी आल्या, मागे बसणाऱ्यांना थंड वारा आला, मागच्या काचेला पुसणी आली, मागचे दाखवणारा कॅमेरा आला. मी वर्तमानपत्रातली ही यादी वाचून दाखवली. हिने शंकरपाळे तळताना नुसती मान डोलावली आणि म्हणाली, "ऐकले म्हणायचे माझे." तेव्हापासून आमच्या घरात भविष्यकथनाचे पीठ माझ्याकडे नाही.

आता पुढे काय? टपरीवरच्या बहुमताने ग्रहयोग असे आहेत. रॉक्सकडे जे आहे ते आज ना उद्या तीन दारांच्या थारकडे येणार: वरचे मोठे काचेचे छत, चहूबाजूंचे दाखवणारे कॅमेरे, बसल्या जागी गार करणारी आसने, आणि पुढे अडथळा दिसताच आपण होऊन ब्रेक लावणारी यंत्रणा. या शेवटल्या गोष्टीवर आमच्याकडे फार वाद होतो. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंड्या याच रस्त्याने त्र्यंबकला जातात. दिंडी पाहून गाडी थांबेल, हे सर्वांना मान्य आहे. पण काच खाली करून "माउली, पुढे व्हा," असे कोण म्हणणार, असा शेजारच्या नानांचा सवाल असतो.

काही ग्रह मात्र गाडीच्या कुंडलीत नसून सरकारच्या कायद्यात असतात. थारची लांबी ३९८५ मिलिमीटर आहे. चार मीटरला पंधरा मिलिमीटर कमी! हा योगायोग नव्हे. आपल्याकडे चार मीटरच्या आतल्या गाडीचे डिझेल इंजिन १५०० सीसीच्या आत असले, तर कर कमी लागतो. २०२३ साली मागच्याच चाकांनी ओढणारी, दीड लिटर डिझेलची स्वस्त थार निघाली, तिला हे माप बरोबर लागू पडले. चारही चाकांच्या २.२ लिटरच्या थारला ते लागत नाही. पत्रिकेतले धनस्थान म्हणतात ते हेच. तेव्हा तीन दारांची थार पुढे कशीही बदलो, बोटभरही लांब व्हायची नाही, असे माझे भाकीत मी आजच लिहून ठेवतो.

पण या सगळ्यांवर पडलेली मोठी छाया विजेची आहे. २०२५ च्या पंधरा ऑगस्टला मुंबईत 'व्हिजन टी' नावाचा नवा नमुना मांडला गेला. चेहरा थारचा, बांधणी नव्या पद्धतीची. आणि त्या पद्धतीच्या गाड्या २०२७ पासून येतील असे कंपनीने सांगितले आहे. विजेची थार रानात चालेल का, हा प्रश्न टपरीवर निघाला की कपांतला चहा निवतो. मी लेथवाला माणूस. मला हा प्रश्न यंत्राच्या अंगाने पाहायला आवडतो. डिझेलच्या इंजिनाला जोर यायला फिरावे लागते. म्हणून जीपला दुसरा, ठेंगणा गिअर लागतो. तो टाकला की चाके मुंगीच्या पावलाने पण हत्तीच्या बळाने फिरतात. विजेच्या मोटरीला पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर असतो. दगडावरून इंचाइंचाने चढताना ती डिझेलपेक्षा शहाणी ठरू शकेल. तिला श्वास घ्यायला हवा लागत नाही, म्हणून ओढ्यातून जाताना नाकातोंडात पाणी जाण्याची भीती नाही. मात्र बॅटरीचे कवच काटेकोर बंद हवे. अडचण निराळीच आहे. बॅटरी जड असते, आणि हरिहरच्या पायथ्याला निरगुडपाड्यात मुक्काम पडला तर ती भरायची कोठे? डिझेल कॅनमध्ये भरून नेता येते. वीज अजून तरी कॅनमध्ये भरता येत नाही.

येथवर सारी गंमत होती. परंतु हे भविष्य आमच्या घरात गंमत राहिलेले नाही. माझा मुलगा माझी शेड चालवतो. तीन यंत्रे, चार माणसे. त्यांपैकी दोघे माझ्या वेळेपासूनचे. डिझेल इंजिनात बसणारे लहान लहान गोल भाग तो कातून देतो. त्यांची मापे अशी की दोन-पाच मायक्रॉन इकडेतिकडे झाले तर माल परत. केसाची जाडी सत्तर मायक्रॉनच्या आसपास असते, म्हणजे बघा. सातपूरला या विद्येचा वारसा आहे. डिझेलचे फवारे उडवणाऱ्या नोझलांचे काम मायकोने येथे रुजवले. तिचे नाव आता बॉश झाले आहे. पण नाशिकचा चौक अजून मायको सर्कलच आहे. त्या बारीक कामाच्या शिस्तीवर येथल्या किती संसारांची चूल पेटली, याला गणती नाही. आणि विजेच्या गाडीत नोझल नाही, पिस्टन नाही, सायलेन्सर नाही.

गेल्या खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली, झेंडूची फुले वाहिली, आणि प्रसाद वाटून झाल्यावर मुलगा तेथेच स्टुलावर बसून राहिला. जुने यंत्र बदलायला झाले होते. समोर दोन कोटेशने होती. एक होते त्याच एका डिझेलच्या भागासाठी बांधलेल्या यंत्राचे. आमच्या भाषेत एसपीएम. ते स्वस्त, झपाट्याने माल काढणारे; पण तो भाग बंद पडला की भंगाराच्या भावाने जाणारे. दुसरे होते कोणतेही गोल काम घेणाऱ्या सीएनसी यंत्राचे. महाग, आणि हप्ता छातीत धडकी भरवणारा. कर्ज पाच वर्षांचे. "बाबा," तो म्हणाला, "पाच वर्षे डिझेल टिकेल का, एवढेच मला कोणी सांगावे. टिपरीवर टिपरी पडावी तसे टपरीवर सगळे जण सांगतात, पण कोणी कागदावर सही करून देत नाही."

माझी नात डिप्लोमाला आहे. यंत्रावरची अक्षत बोटाने टिपत ती म्हणाली, "पप्पा, मोटरलाही शाफ्ट असतोच की. आणि डिझेलचे इंजिन मिनिटाला चार-साडेचार हजार फेरे घेते. मोटर दहा हजारांच्या वर फिरते. मग तिच्या शाफ्टला बारीक माप जास्तच लागेल ना?"

"लागेल गं. पण ते काम आपल्यालाच कशाला देतील?"

"देणार नाहीत कदाचित. पण एसपीएम घेतले तर मागायलासुद्धा जाता येणार नाही."

मुलाने माझ्याकडे पाहिले. मी गप्प राहिलो. हप्ता त्याला भरायचा होता. म्हाताऱ्याने दिलेला सल्ला नेहमी दुसऱ्याच्या खिशातून जातो. दोन दिवस तो रात्री उशिरापर्यंत हिशेब मांडत होता. तिसऱ्या दिवशी त्याने महागाच्या कागदावर सही केली. बिनहप्त्याची दिवाळी यंदा नाही. हिने चिवड्यातले काजू कमी केले आहेत आणि कोणी विचारले तर, "यंदा शेंगदाणेच खमंग निघाले," असे सांगते. यंत्र आले आहे. पहिला माल अजून डिझेलचाच निघतो आहे. मोटरीच्या शाफ्टचे दोन नमुने मुलाने कातून एका ठिकाणी दाखवायला दिले आहेत. उत्तर यायचे आहे.

म्हणून हल्ली कोणी थारचे भविष्य विचारले की मी पूर्वीइतका भरभर बोलत नाही. तरी वाचकांची निराशा नको, म्हणून माझी भाकिते येथे देतो. डिझेल लगेच जाणार नाही. सह्याद्रीचे घाट त्याला आणखी काही वर्षे धरून ठेवतील. विजेची थार येईल, आणि पहिल्या वर्षी सगळे तिला नावे ठेवतील, जशी नावे ताडपत्री जाऊन टणक छप्पर आले तेव्हाही ठेवली होती. गाडी उत्तरोत्तर इतकी शहाणी होईल की चालवणाऱ्याच्या शहाणपणाची गरज तिला वाटेनाशी होईल. ती गरज मात्र आम्हांला राहील. पावसाळ्यानंतर आमच्याकडची पठारे फुलांनी भरतात. अंजनेरीवरच्या एका कंदीलपुष्पाची, सेरोपेजिया अंजनेरिकाची, शास्त्रात नोंद झाली तीच मुळी २००६ साली. अशा जमिनीवर चार रुंद चाके एकदा फिरली की शास्त्रज्ञांना शोधायला काय उरणार? चिखल दिसला की गाडी आत घालू नये, ही सुधारणा कोणत्याही कारखान्याला गाडीत बसवता येणार नाही. ती आपली आपणच बसवून घ्यावी लागेल.

राहिले एक भाकीत, आणि त्याबद्दल मी पैज लावायला तयार आहे. काहीही बदलो, थारची स्टेपनी तिच्या पाठीवरच राहील. हल्ली कित्येक गाड्यांतून जादा चाक लहान झाले आहे, काहींतून तर नाहीसेच झाले आहे. पण आडवाटेला लागणाऱ्याने पुरे, चारांच्या बरोबरीचे पाचवे चाक उघडपणे पाठीवर घेऊनच निघावे, यात मला मोठा शहाणपणा वाटतो. आमच्या शेडमध्ये नव्या यंत्रासाठी जागा करताना माझा जुना लेथ भंगारात निघायचा होता. वजन करायला माणूसही आला होता. मुलाने त्याला चहा पाजून परत पाठवले आणि लेथ मागच्या भिंतीला लावून घेतला. नातीने त्याला तेल दिले आहे. वीज गेली की नवे यंत्र मुके होते. तसा जुनाही होतो. तरीही तो तेथे असलेला बरा वाटतो.